सायकलची हौस आणि जांघेची काळजी



ऊस विकास विभागाने बेण्याविषयी, खताविषयी लिहायचे सोडून हे काय काढले, असे आपणांस वाटेल. पण अलीकडे गटागटांतली बरीच मंडळी पहाटे सायकल काढू लागली आहेत. कोणी हौसेने, कोणी डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून. काहीजण आषाढीला सायकलनेच पंढरपूर गाठतात. चांगली गोष्ट आहे. मात्र जांघ काचली की सायकल परत पडवीत जाते, आणि जागा अवघड म्हणून कोणी बोलत नाही.

आम्हीही त्यातलेच. मागल्या आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पहिल्याच दिवशी जांघ काचली. लाजेने बोललो नाही, वर पावडर मारली आणि तसेच रेटले. तिसऱ्या दिवशी केस्तूड झाले. परतीचा प्रवास टेम्पोतून, तोही उभ्याने करावा लागला.

असे का होते?

सीटवर शरीराचा भार पडतो, मांडी सारखी घासते आणि घामाने कातडी मऊ पडते. मऊ कातडी लवकर सोलते. तिथून जंतू केसाच्या मुळाशी शिरले की गळू होते. पावडर घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या आणखी घासतात.

आधी घ्यावयाची काळजी

१) सीटची उंची तपासावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा. सीट जास्त उंच असली की कंबर डावी-उजवीकडे हलते आणि जांघ घासते. सीट सपाट असावी. फार मऊ, जाड गादी लांब पल्ल्याला उलट जास्त घासते.

२) जाड शिवणीची सुती चड्डी घामाने ओली राहते व काचते. लांब जायचे तर सायकलची अस्तरवाली चड्डी घ्यावी. तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये आणि ती रोज धुवावी.

३) निघण्यापूर्वी घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी.

४) दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे. रक्त खेळते, हवा लागते.

५) घरी आल्यावर ओल्या चड्डीत चहा पीत बसू नये. आधी अंघोळ करावी, जागा टिपून कोरडी करावी व सैल कपडे घालावेत.

झालेच तर

नुसती लाली असेल तर दोन-तीन दिवस सायकल बंद ठेवावी. जागा स्वच्छ व कोरडी ठेवली की बहुधा भागते. कातडी सोलली असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन जेली लावावी व पट्टी ठेवावी. केस्तूड झाल्यास स्वच्छ फडके गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेकावे. दाबून फोडू नये. चुना, तंबाखू, रॉकेल असले काही लावू नये.

कडेने उठलेला, गोल पसरणारा, खाजरा चट्टा हा काचण्याचा नसून बहुधा नायटा असतो. त्याला दुकानातून मनाने मलम आणू नये. काही मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

शुगर असलेल्या सभासदांसाठी

आपण सायकल चालवता ती शुगरसाठी, आणि शुगरवाल्यालाच जखम लवकर चिघळते. तेव्हा आपण घरगुती इलाजात दिवस घालवू नयेत. गळू दिसताच डॉक्टरांकडे जावे. ताप आला, लाली पसरत चालली किंवा दुखणे वाढले, तर मग कोणीही थांबू नये.

काणी आलेले बेट लाजून कोणी झाकून ठेवत नाही. वेळीच उपटतो, म्हणून बाकीचा ऊस वाचतो. अंगाचेही तसेच आहे. सायकल सोडू नका, दुखणे मात्र वेळीच सांगा.

— ऊस विकास अधिकारी