रक्तशर्करेचा आकडा आणि रुग्णाची हकीकत

उपाशीपोटी रक्तशर्करा प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेहाची शंका येते. परंतु ती का वाढली, हे आकडा सांगत नाही. ते उलगडण्यास रुग्णाची हकीकत मदत करते. म्हणूनच तहान, वारंवार लघवी, घटलेले वजन, पायांची बधिरता व घरातील मधुमेह यांविषयी डॉक्टर विचारतात. दमा वा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडनेही साखर वाढते. छत्रपती संभाजीनगरात श्रावणातील उपवास आणि रमजानचे रोजे दोन्ही श्रद्धेने पाळले जातात. त्या काळात गोळ्या वा इन्सुलिन परस्पर बंद केले का, हा प्रश्न दोषारोपाचा नसतो. साखर वाढून उलट्या, पोटदुखी व धाप सुरू झाली असल्यास त्याचे खरे उत्तर प्राण वाचवू शकते. रुग्णाने ते निःसंकोच सांगावे.