गुलाबी पाण्याचं सुतक कशाला?

‘लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हाच तळं मेलं होतं. आता पाऊस बरा झालाय, तळं भरलंय, म्हणजे वाचलं म्हणायचं.’ मेहकरच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सहल घेऊन आलेल्या गुरुजींच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देतानाही आवाज चढतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग घाबरून बोललेला आहे, तो माफ. दुसरा जास्त घातक, कारण तो ऐकून सगळेच माना डोलावतात.

आधी गुलाबी रंगाचं बघू. जून 2020 मध्ये नेहमी हिरवट दिसणारं पाणी गुलाबी झालं, लॉकडाऊनमुळे सगळे घरात आणि हातात मोबाइल, त्यामुळे अफवांना ऊत आला. कुणी केमिकल सोडलं म्हणालं, कुणी प्रलयाची खूण सांगितली. लोणारच्या संवर्धनाची याचिका तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालू होतीच. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या तपासणीत सापडले ते हॅलोआर्किया, म्हणजे मिठात रमणारे सूक्ष्मजीव. त्यांच्या पेशींत तांबूस रंगद्रव्य असतं. नमुना हलवाहलव न करता ठेवला, तेव्हा गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याचा रंग बदललाच नव्हता, पाण्यातल्या रहिवाशांची संख्या बदलली होती.

‘उन्हानं पाणी तापलं म्हणून रंग चढला’ हे वर्तमानपत्री वाक्यही अर्धवटच. उष्णता रंग देत नाही. लोणार ही चहूबाजूंनी बंद वाटी आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट फक्त वाफेची. आमटी आटली की खारट होते, तसं पाणी उडालं की क्षार मागे उरतात. खारटपणा वाढला की हिरवं शेवाळ मागे पडतं आणि हॅलोआर्कियांचं फावतं. पाऊस आला की उलट होतं. इराणच्या उर्मिया सरोवरातही हाच प्रकार घडतो. इतकं लांब कशाला, मिठागरांच्या आटत आलेल्या वाफ्यांतही तांबूस झाक दिसते. तिथे कुणी प्रलयाची वाट बघत बसत नाही.

रंग बदलला की जीव गेला, ही समजूत बहुधा समुद्राच्या बातम्यांतून आली असावी. मालवणच्या समुद्रात पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तिथे रंग जाणं हे खरंच आजारपण आहे. पण समुद्र अफाट. तो अंशभर तापला तरी त्याचा खारटपणा फारसा हलत नाही, फटका बसतो तो उष्णतेचा. लोणारात उष्णतेचा फटका क्षारांमार्फत बसतो, आणि तो सोसायची सवय इथल्या जीवांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

ही सवय किती जुनी, याला पुरावा आहे. तळ्याच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांचा अभ्यास सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केला. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन थरांत सापडले. पाणी आटून फार खारट झालं तरच हे खनिज तयार होतं. थरांचा काळ निघाला सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. म्हणजे शतकानुशतकं मोसमी पाऊस कमी पडत राहिला, पाणी आटत राहिलं, आणि तळं टिकलं. इंग्रजी अमदानीत उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावरचा खार गोळा करत. डल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींना नावं होती. आटणं हा या तळ्याचा हंगाम आहे, रोग नव्हे.

आता ‘भरलं म्हणजे वाचलं’. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ ठाऊक, त्यामुळे भरलेलं पाणी दिसलं की जीव सुखावतो, हे मी समजू शकतो. पण लोणार म्हणजे खडकपूर्णा धरण नव्हे, टक्केवारी मोजायला! इथल्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास, आणि त्याच विखारीपणावर इथलं जग उभं आहे: स्पिरुलिनाच्या जातकुळीतलं शेवाळ, क्षारप्रेमी जिवाणू, त्यांच्यावर जगणारे कीटक आणि त्यांना टिपणारे पक्षी. नोव्हेंबर 2020 मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा जाहीर झाला तो या वेगळेपणामुळे. धार नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी तळ्यात पूर्वापार उतरतंच आहे. त्यात गावाच्या सांडपाण्याची भर वर्षानुवर्षं पडली. पाणी वाढलं की क्षार पातळ होतात. सामू एका अंकानं उतरला की अल्कलीपणा दहा पटींनी घटतो, आणि बाहेरच्या सामान्य जीवांना आत शिरायला दार उघडतं. उद्या कुणी सांगितलं की लोणारात मासे दिसले, तर पेढे वाटू नका. आपल्या नदी-तलावांतला मासा तिथे जगायला लागला, याचा अर्थ ते पाणी आता लोणारचं राहिलं नाही.

याला जोडूनच दुसरं एक ठरलेलं वाक्य येतं: ‘काळ्या पाषाणाची देवळं आहेत, पाण्यानं काय होतंय?’ अलीकडे पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत चढलं, तेव्हाही हे ऐकलं. नुसत्या पाण्यानं बेसॉल्टला फारसं होत नाही, कबूल. पण हे सोड्याचं पाणी आहे. दगडाच्या छिद्रांत आणि सांध्यांत ते शिरतं, वाळतं आणि स्फटिक धरतं. धुण्याचा सोडा साधारण 32 अंशांखाली पाण्याचे दहा रेणू धरून फुगतो, त्याच्यावर त्यातले बहुतेक सोडून आक्रसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाट बत्तिशीच्या खाली आणि दुपार चाळिशीत. म्हणजे फुगणं-आक्रसणं रोजचंच. पूर्ण बुडालेल्या दगडापेक्षा जिथे ओल चढते आणि वाळते तो पट्टा आधी पापुद्रे सोडतो. पाणी ओसरल्यावर ‘बघा, काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान दोन उन्हाळे थांबून त्या दगडावर बोट फिरवून पाहावं.

बाकीच्या गैरसमजांना एकेक ओळ पुरे.

तळं भुयारातून समुद्राला जोडलेलं आहे: समुद्र इथून सुमारे 400 किलोमीटर लांब आणि काहीशे मीटर खाली आहे, शिवाय समुद्रात मुख्यतः साधं मीठ, इथे त्याच्या जोडीला भरपूर सोडा.

हे ज्वालामुखीचं तोंड आहे: एके काळी भूशास्त्रज्ञांनाही तसंच वाटे, 1973 साली आघातानं काचेत बदललेली खनिजं दाखवून तो वाद मिटला.

वय 50,000 वर्षं, हे पक्कं: जुन्या मोजणीत 52,000 आलं, 2010 च्या सुमारास आर्गॉन पद्धतीनं सुमारे 5 लाख 70 हजार आलं, पाटीवर रंगवलेला आकडा अंतिम नाही.

बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव आघातविवर: ब्राझीलमध्येही आहेत, लोणार त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण आणि सुस्थितीत.

पाण्यात अंघोळ केली की त्वचारोग जातात: सामू 10 चं पाणी कातडीचं तेल काढून टाकतं, खाज असेल तर ती वाढते.