पत्र्यावरचा काळा दगड

२१ मार्च २०२४. रमजानचा दहावा रोजा. सहेरी आटोपली होती, फज्रची नमाज झाली होती. कुणी तिलावत करत होते, कुणी जरा पाठ टेकली होती. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. भांडी वाजली, पत्रे थरथरले, लोक लेकरांना घेऊन अंगणात आले. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. पहिल्याची तीव्रता ४.५ होती, दुसऱ्याची ३.६. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५चा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीतले गूढ आवाज अनेक वर्षांपासून ओळखीचे आहेत.

अशा वेळी घरातल्या मोठ्यांनाही एक शंका येते. आपला काळा पाषाण लाव्ह्यापासून झालेला आहे, असे शाळेत शिकलो. मग खाली अजून ज्वालामुखी तर नाही ना?

उत्तर दगडातच आहे. दगड वितळण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला असा की खोलवरचा तप्त खडक वर सरकतो, त्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये हेच झाले. पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि बेसॉल्ट तयार झाला. आपल्या विहिरी खोदताना लागणारा मुरूम, मांजऱ्या आणि काळा फत्तर ही त्याचीच रूपे.

दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, तेव्हा त्याच्या खडकात मुरलेले पाणीही खाली जाते. खोलवर ते पाणी सुटते आणि वरच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू उतरवते. बर्फावर मीठ टाकले की तो लवकर वितळतो, तसेच काहीसे. हे पाणी बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे सोबत नेते. नायोबियम, टँटॅलम मात्र मागेच राहतात. म्हणून तिथल्या दगडात बेरियम भरपूर आणि नायोबियम कमी सापडते. दख्खनच्या काही थरांतही अशी खूण दिसते, कारण वर येताना लाव्ह्यात जुना खडक मिसळला. म्हणून शास्त्रज्ञ एका घटकावर विसंबत नाहीत, सारा हिशेब पाहतात.

अशा ठिकाणी अँडेसाइट नावाचा दगड खूप आढळतो. त्यात सिलिका सुमारे ६० टक्के असते, आपल्या बेसॉल्टमध्ये ५०च्या आसपास. सिलिका जास्त म्हणजे लाव्हा चिकट. त्यात वायू आणि वाफ कोंडली की स्फोट. इंडोनेशियातला १८१५चा तांबोरा आणि १८८३चा क्राकाताऊ या जातीचे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानचे बॅरन बेट, याच साखळीत येते.

हज-उमरा करून आलेल्यांनी मदीना शरीफच्या आसपास काळ्या दगडांची माळराने पाहिली असतील. त्यांना हर्रा म्हणतात. हिजरी ६५४ मध्ये, म्हणजे इ.स. १२५६ मध्ये, तिथे लाव्हा वाहिला होता. तो दगडही बेसॉल्टच, आपल्या दगडाचा भाऊबंद. पण वयाने फारच लहान.

हिंगोलीखाली कुठलाही भूपट्ट घुसत नाही आणि इथला लाव्हा केव्हाच निवला आहे. त्या दगडाची झीज होऊन झालेल्या काळ्या मातीत आपण कापूस, सोयाबीन, हळद पिकवतो. धक्के येतात ते वेगळ्या कारणाने. भारताचा भूपट्ट उत्तरेला आशियावर रेटतो आहे. तो ताण जुन्या भेगांवर साचतो आणि अधूनमधून सुटतो.

म्हणजे भीती ज्वालामुखीची नको, घराच्या भिंतीची हवी. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत हजारो जीव गेले, ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळल्याने. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितले, ते याच कारणाने.

आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतो. तर या जुम्याला घरावर एक नजर टाका. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले दगड उतरवा आणि पत्रे हुक-बोल्टने आवळून घ्या. पलंगाच्या वरच्या फळीवरचे जड डबे खाली ठेवा. नवे घर बांधत असाल, तर जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा टाकायला गवंड्याला सांगा. रात्री धक्का बसलाच, तर अंगणात कुठे जमायचे, हे आजच दस्तरखानावर ठरवून टाका.