वाचलेलं दहा टक्के, ऐकलेलं वीस टक्के : पण मोजलं कुणी?

शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने हा तक्ता अनेकांच्या नजरेखालून गेलेला असेल. माणसाच्या लक्षात वाचलेल्यापैकी १० टक्के राहतं, ऐकलेल्यापैकी २०, पाहिलेल्यापैकी ३०, पाहिलं आणि ऐकलं तर ५०, स्वतः बोललं तर ७० आणि प्रत्यक्ष केलं तर ९० टक्के. कधी हे आकडे शंकूच्या आकृतीत असतात, कधी पिरॅमिडच्या पायऱ्यांवर. बऱ्याचदा खाली एडगर डेल हे नावही असतं. कृतीतून शिकावं हे आपल्याला आधीच पटलेलं असतं, त्यामुळे आकडेही न तपासता पटतात.

आता या आकड्यांकडे जरा निरखून पाहू. सगळेच्या सगळे दहाच्या पटीतले! वर्गातल्या कोणत्याही सहा मुलांची उंची मोजली आणि सहाही वेळा नेमकी १२०, १३०, १४० सेंटिमीटर अशीच भरली, तर आपण आधी मोजपट्टीकडे संशयाने पाहू. शिवाय 'लक्षात राहतं' म्हणजे किती वेळानं? तासाभरानं की वार्षिक परीक्षेत? काय लक्षात राहतं? कविता, सनावळी की सायकलचं पंक्चर काढणं? कुणाच्या? पाचवीतल्या मुलांच्या की मोठ्या माणसांच्या? आणि वाचणं हेही डोळ्यांनी पाहणंच की! तक्त्यात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

मग उगमाकडे जाऊ. डेल हे अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. दृक्-श्राव्य साधनांवरच्या त्यांच्या १९४६ सालच्या पुस्तकात 'अनुभवांचा शंकू' आहे. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, त्यावर नाट्यीकरण, सहली, चित्रपट वगैरे आणि अगदी टोकाला शब्द. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ही एक मांडणी, इतकंच. तीत टक्केवारी नावालाही नाही. उलट, या शंकूचा फार शब्दशः अर्थ घेऊ नका, असं डेल यांनीच बजावलं होतं.

टक्के दुसरीकडून आले. १९६७ साली ट्रेक्लर नावाच्या लेखकाचा प्रशिक्षणाच्या साधनांविषयीचा लेख एका अमेरिकी व्यावसायिक मासिकात आला. त्यात जवळपास हेच सहा आकडे आहेत, पण ते कोणत्या प्रयोगातून मिळाले याचा पत्ता नाही. पुढे कुणीतरी हे टक्के डेलच्या शंकूला चिकटवले आणि निनावी आकड्यांना प्राध्यापकाचं नाव मिळालं. सुब्रमोनी, मोलेंडा, बेट्रुस आणि थालहायमर या चौघा अभ्यासकांनी २०१४ साली ही सगळी वंशावळ खणून प्रसिद्ध केली.

याच तक्त्याची एक चुलत आवृत्तीही आहे. नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या अमेरिकी संस्थेच्या नावावर ती खपते. तिच्यात व्याख्यानाला ५ टक्के, वाचनाला १० आणि दुसऱ्याला शिकवण्याला ९०. म्हणजे ऐकलेलं एका तक्त्यात २० टक्के राहतं आणि दुसऱ्यात ५! या संस्थेकडे विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळालं, की आकडे बरोबर आहेत असं आम्हाला वाटतं, पण मूळ संशोधन आता आमच्याकडे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तक्ता शंभर पुस्तकांत छापलेला असला, तरी प्रत्येकाने आधीच्याकडून उतरवून घेतला असेल तर ते शंभर पुरावे होत नाहीत.

मोजलेला आकडा कसा दिसतो हेही पाहण्यासारखं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आपल्याच विस्मरणाचं मोजमाप १८८५ साली प्रसिद्ध केलं. तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, हे त्यांचं माप. साधारण २० मिनिटांनी ५८.२ टक्के, एका दिवसानं ३३.७, एकतीस दिवसांनी २१.१. आकडे कसे वेडेवाकडे आहेत पाहा. प्रयोग एकाच माणसावर केलेला आणि मजकूर अर्थहीन, हे उणेपण आपल्याला दिसतं, कारण त्यांनी सगळी पद्धत लिहून ठेवली आहे. म्हणूनच २०१५ साली मुरे आणि ड्रोस यांना हा प्रयोग पुन्हा करून पाहता आला आणि निष्कर्ष बरेचसे जुळलेही.

यावर कुणी म्हणेल, आकडे खोटे असले तरी हेतू चांगला आहे ना? पण 'वाचलेलं दहाच टक्के' हे खरं मानलं की पहिली कात्री वाचनाच्या तासाला लागते. ज्या शाळेत पाठ्यपुस्तक हेच मुख्य साधन आहे, तिथल्या शिक्षकाला तर आपलं निम्मं काम फुकटच वाटेल. शिवाय कृतीच्या बाजूने बोलायला या तक्त्याची गरजच नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना विचार आणि कृती करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हे नव्वद टक्क्यांइतकं दिपवणारं नाही, पण ज्याला शंका येईल त्याला मूळ लेख उघडून तपासता येतो.

नववी-दहावीच्या वर्गात हे करून पाहता येईल. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. मुलांना नवीन असलेला एक पानभर उतारा एका गटाला वाचायला द्या, दुसऱ्याला तेवढ्याच वेळात वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांना तेच दहा प्रश्न विचारा, आठ दिवसांनी त्याच उताऱ्यावरचे दुसरे दहा. दोन्ही गटांची टक्केवारी मुलांनाच काढू द्या. कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे ते मात्र पेपर हाती येण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवा आणि तपासणाऱ्याला कोणता पेपर कोणत्या गटाचा ते कळू देऊ नका.