सभासदत्व घ्यावे, की वेळेला क्रेन बोलवावी?

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात आणण्याची व्यापारी घरांतून जुनी रीत आहे. त्यामुळे वाहनविम्याचे नूतनीकरणही पुष्कळ ठिकाणी त्याच सुमारास येते. विम्याच्या प्रस्तावात हप्त्याच्या आकड्याखाली ‘रस्त्यावरील साहाय्य’ अशी एक बारीक ओळ असते आणि तिच्यासमोर थोडीशी रक्कम. हिशेब पाहणारे वडील ती ओळ खोडतात. गाडी बंद पडेल तेव्हा पाहू, रोख देऊ, असे त्यांचे म्हणणे. मुलाने मात्र गाडी घेताना विक्रेत्याकडून एक योजना घेतलेली असते, विम्याबरोबर दुसरी, आणि कोणी आग्रह केला म्हणून तिसरी. अटींचा कागद दोघांनीही वाचलेला नसतो.

सर्वांत मोठा गैरसमज विम्याविषयीच आहे. संपूर्ण विमा उतरवला आहे, म्हणजे गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळणारच, असे गृहीत धरले जाते. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत अपघातग्रस्त वाहन जवळच्या दुरुस्तीकेंद्रात नेणे व मालकाकडे परत पोहोचवणे यासाठी एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. दुचाकीसाठी ती ३०० रुपयांची. पण ही तरतूद अपघातापुरती. यांत्रिक अथवा विद्युत बिघाड पॉलिसीच्या कक्षेत येत नाही. बॅटरी उतरली, क्लच जळला, रेडिएटर फुटला, तर विमा कंपनी त्यात पडत नाही. साहाय्य-योजना भरून काढते ती ही रिकामी जागा. स्टेपनी लावून देणे, बॅटरीला जोड देऊन गाडी सुरू करणे, संपलेले इंधन पोहोचवणे (इंधनाची किंमत बहुधा वेगळी) आणि काहीच न जमल्यास गाडी उचलून नेणे, एवढा तिचा व्याप.

पैसे भरण्यापूर्वी घरात आधीच काय आहे ते तपासावे. नव्या गाडीबरोबर उत्पादक कंपनी पुष्कळदा काही वर्षांचे साहाय्य देते; ते चालू असताना विम्यातली ओळ घेणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे मोजणे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. पथकर भरलेल्या रस्त्यावर गस्तीचे वाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन या मार्गाने बोलावता येते. मात्र त्या क्रेनचे काम रस्ता मोकळा करणे हे आहे. ती गाडी सुरक्षित जागी नेऊन ठेवते; तुमच्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत सोडत नाही. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. त्यांची मदत यंत्रणा वेगळी, म्हणून तिचा क्रमांक प्रवासाला निघण्यापूर्वीच टिपून घ्यावा.

आता आकड्यांकडे वळू. दर गावोगाव बदलतात, म्हणून पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल समजाव्यात. सभासदत्व १,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला १,४१६. शहरात दहा किलोमीटर गाडी ओढून नेण्यास क्रेनवाला १,८०० रुपये घेतो असे धरले, तर दर पंधरा महिन्यांनी एकदा गाडी बंद पडली तरच वर्गणी वसूल होते. दोन-चार वर्षांची, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेली गाडी इतक्या वेळा बंद पडत नाही. म्हणजे केवळ घर ते पेढी धावणाऱ्या गाडीपुरते वडिलांचे म्हणणे खरे ठरते.

हीच गाडी पुणे-सोलापूर रस्त्यावर बिघडली आणि कंपनीचे सेवाकेंद्र ८० किलोमीटरवर असले, तर हिशेब पालटतो. थेट भाड्याने ५,००० रुपये पडतील असे धरू. साडेतीन वर्षांतून एकदा असा प्रसंग आला तरी वर्गणी निघाली, असे वरवर वाटते. पण अटींत बहुधा ‘पहिले अमुक किलोमीटर विनामूल्य’ असे वाक्य असते. ती मर्यादा ४० ची असेल आणि पुढे किलोमीटरला ५० रुपये असतील, तर २,००० खिशातूनच जातात. बचत उरते ३,०००, आणि साडेतीन वर्षांचा काळ दोन वर्षांवर येतो. योजनांची तुलना करताना लोक वर्गणी पाहतात. पाहायला हवी ती ही मर्यादा, आणि ती जाण्या-येण्याची मिळून आहे की एकेरी, हेही. वर्षातून किती वेळा मदत मिळेल, नोंदणीनंतर किती दिवसांनी योजना लागू होईल, आणि साहाय्य गाडीला जोडलेले आहे की व्यक्तीला, हे तीन प्रश्नही तेव्हाच विचारून घ्यावेत. गाडीला जोडलेले असेल, तर घरातील चारही वाहनांसाठी ते घेण्याचे कारण नाही. पुण्यात शिकणारी मुलगी जी जुनी गाडी वापरते, तिच्यासाठी आधी घ्यावे.

आकड्यांत न मावणारी बाजूही आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत, घाट आहे, मागच्या आसनावर वृद्ध आई आणि झोपलेले मूल आहे. अशा वेळी क्रेनवाला सांगेल तो भाव. समोरच्याची निकड दिसली की बाजार चढतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. सभासदत्वात खरे विकत मिळते ते हे, की भाव दिवसाउजेडी, घरी बसून ठरलेला असतो. वेळेची हमी मात्र त्यात धरू नये. आडबाजूच्या तालुक्यात या कंपन्यांची स्वतःची वाहने क्वचितच असतात. त्या स्थानिक क्रेनवाल्यालाच फोन करतात. आपल्या पंचक्रोशीत त्याच माणसाचा क्रमांक हाताशी असेल, तर मधल्या दुव्याची गरज नाही. जिथे कोणी ओळखीचे नाही, तिथे वर्गणी उपयोगी पडते.

क्रेनचे भाडे वाचवण्यासाठी गाडी तशीच रेटत नेण्याचा मोह तर सर्वांत महाग. बिघडलेली गाडी दुरुस्तीविना चालवल्याने वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर, अशी पॉलिसीतच अट आहे. पावसाच्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहणे हाही त्यातलाच प्रकार. आत पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखावर जाते. ऑटोमॅटिक किंवा विजेवर चालणारी गाडी असेल, तर चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये, फ्लॅटबेडच मागवावा. योजनेत तो मिळतो का, हे लेखी घ्यावे.

दुकानाच्या टेम्पोचा प्रश्न वेगळा. खासगी मोटारीसाठी घेतलेली योजना पिवळ्या पाटीच्या मालवाहू वाहनाला लागू नसते, आणि भरलेला टेम्पो ओढून नेण्यास क्रेनवालाही सहसा राजी नसतो. माल दुसऱ्या वाहनात चढवावा लागतो. त्या वेळी ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नव्या वाहनाचा क्रमांक भरल्याखेरीज गाडी पुढे काढू नये. बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. दुरुस्तीत रात्र गेली तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. टेम्पोच्या चालकाला हे ठाऊक नसते. पेढीवर रात्री फोन कोण उचलणार आणि ही नोंद कोण करणार, त्याचे नाव व क्रमांक टेम्पोच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवलेला असावा.