घाटमाथ्यावरची पेठ
तालुक्यातील जुन्या वास्तू : लेखांक ७ वा

एखाद्या गावाची पेठ अमुक ठिकाणीच का वसली, या प्रश्नाचे उत्तर गावात शिरण्यापूर्वी गावाबाहेरच्या वाटांवर शोधावे लागते. आणि कन्नडच्या बाबतीत ही वाट इतकी बलवत्तर आहे, की तिच्यावाचून येथील दुकानांचा, वाड्यांचा किंवा कचेऱ्यांचा इतिहास सांगू म्हटले तरी सांगता यावयाचा नाही. सातमाळ्याची डोंगररांग ओलांडून मराठवाड्याच्या पठारावरून खानदेशात उतरणारा जो घाट, त्याच्या माथ्याशी हे गाव बसलेले आहे. वर ज्वारी-बाजरीची व कापसाची जमीन, खाली गिरणेच्या खोऱ्यातील चाळीसगावची पेठ, आणि मध्ये दमलेल्या बैलांना विसावा देणारे, गाडीचा माल मोजून घेणारे, त्यावरील दस्तुरी वसूल करणारे कन्नड, अशी ही रचना शतकानुशतके चालत आली. या गावाचे पोट घाटावर भरलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या व्यापारी वाटेचा सर्वांत प्राचीन पुरावा गावात नसून तालुक्याच्या सीमेवरच्या दरीत, पितळखोऱ्याच्या लेण्यांत आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरावयास घेतलेल्या या लेण्यांकडे आपण धर्मस्थान म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु तेथील शिलालेख ज्याने लक्षपूर्वक वाचले, त्याला त्यांत एक पेठच उभी राहिलेली दिसेल. चैत्यगृहातील एक स्तंभ प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, येथील मितदेव नावाच्या गांधिकाच्या कुळाने दिला. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचे लेखही तेथेच आहेत. लेण्यांसमोरील दगडमातीचा ढिगारा गेल्या शतकात पुरातत्त्व खात्याने उपसला, तेव्हा मस्तकावर पात्र तोलून धरणारा, हसऱ्या मुद्रेचा, स्थूल देहाचा एक यक्ष हाती लागला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर, आपण हे काम केले अशी नोंद कृष्णदास नावाच्या सोनाराने करून ठेवली आहे. गळ्यातील अलंकारांची घडण पाहावी, म्हणजे सोन्याच्या बारीक कामाला सरावलेल्या हाताने दगडाला कसे वळवले, ते ध्यानात येते. राजेरजवाड्यांची नावे इतिहासात सहज टिकतात. दुकानदाराचे आणि कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकावे, हे भाग्य आपल्या तालुक्याच्या वाट्याला आले आहे, आणि त्याची जाणीव येथील शाळेतल्या प्रत्येक मुलाला असावयास हवी.

याच दरीने खाली उतरले की पाटणादेवीचे रान लागते. तेथील शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे सांगतो, म्हणून विद्वानांत तो विख्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम प्रकाशात आणला. मला मात्र त्यातील जुन्या मराठीतला शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पाटणच्या पेठेत विकावयास येणाऱ्या मालावर जो राजभाग मिळे तो मठाला लावून दिला, घाण्यांकडून येणारे तेल लावून दिले, असा तो तपशील आहे. सिद्धान्तशिरोमणीचे अध्ययन तेल्याच्या घाण्यावर आणि गिऱ्हाइकाच्या पैशावर चालावे, अशी ही व्यवस्था निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांच्या राजवटीत झाली.

निजामशाहीतला अंतूरचा किल्ला आणि त्याच्या वाटेवरील, प्रवाशास चारी दिशांच्या गावांचा रस्ता सांगणारा फारसी लेखाचा दगड, यांविषयी पुढे स्वतंत्र लिहावयाचे आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२५ मध्ये, भिल्लांच्या बंदोबस्तासाठी ज्या एजन्सी नेमण्यात आल्या, त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नडला होते आणि ओव्हान्स हा अधिकारी तेथे बसत असे. त्याच वर्षी खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव घाटाला लागले, ते अजून चालू आहे. ज्या भिल्लांना घाटाची खडान्‌खडा माहिती होती, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव घाटाच्या वाट्याला आले नाही, ही गोष्ट मनाला लागते.

पेठेचे खरे रूप मात्र आगगाडीने पालटले. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग चाळीसगावावरून गेला. औरंगाबादला गाडी पोहोचावयास १९०० साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही कन्नडकराला घाटाखालचे स्टेशनच जवळचे राहिले. कापसाच्या गाड्या घाट उतरत, आणि परतताना मीठ, घासलेट, गिरणीचे कापड, लोखंडी पत्रे घेऊन घाट चढत. खाली इंग्रजी मुलूख, वर निजामाची रियासत. तेव्हा माल सरहद्द ओलांडी तेथे करोडगिरीचा नाका आडवा येई. १८०२ च्या व्यापारी तहापासून या जकातीचा दर शेकडा ५ ठरलेला होता. व्यापाऱ्याला चाळीसगावी कलदार रुपये मोजावे लागत आणि गावात हाली सिक्का चाले. सहा कलदारांना सात हाली हा सरकारी भाव होता. म्हणून घाटमाथ्यावरच्या दुकानदाराला एकाच मालाचा हिशेब दोन नाण्यांत मांडावा लागे, आणि नफातोट्याचा अंदाज बट्टा वजा घातल्यावाचून करता येत नसे.

अशा व्यापाराने जी घरे बांधली, त्यांची ठेवण या भागातील जुन्या पेठांत अजून तुरळक पाहावयास मिळते. काळ्या दगडाचे पुरुषभर नसले तरी कंबरभर उंचीचे जोते, त्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, वर पांढऱ्या मातीचे धाबे, आणि धूर व उजेड यांसाठी धाब्यात ठेवलेले साणे. घर मोजावयाचे ते खणांनी. पुढच्या ओट्यावर दुकान, मागच्या चौकात राहणे, आणि दोहोंच्या मध्ये धान्याची अंधारी कोठी. दुकान बंद करावयाचे तर उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवीत जावयाचे. प्रत्येक फळीवर छिन्नीने एक, दोन, तीन अशा रेघा कोरलेल्या असत, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे. त्या शेवटच्या फळीला कडी-कोयंडा. बसणाराच्या पाठीने गुळगुळीत झालेला गादीमागचा खांब आणि वर्षानुवर्षे दोरी घासून तराजूच्या आकड्याने पाडलेली तुळईवरची खाच, या दोन खुणा ज्या घरात दिसतील तेथे पूर्वी दुकान होते असे खुशाल समजावे.

सप्टेंबर १९४८ मध्ये रियासत संपली. पुढे करोडगिरीचे नाके उठले, हाली नाणे चलनातून गेले, आणि मालमोटारी घाट चढू लागल्या. सरहद्दीवर पोसलेल्या पेठेचा जुना आधार तेथे तुटला. आज आले व मका यांचा व्यापार येथे जोरात आहे, त्यामुळे गाव पुष्कळ वाढले. परंतु भरभराट आली की प्रथम पाडले जाते ते धाब्याचे घर, आणि त्याच्या कोठीतील दप्तर रद्दीत जाते. घर पाडणाऱ्याला मी दोष देत नाही. गळक्या धाब्याखाली पावसाळा काढणे सोपे नाही. दप्तर मात्र वाचवता येते.

तेव्हा वाचकांस एक विनंती. आपल्या घरी मोडीतील वह्या, उर्दूतील खरेदीखते, करोडगिरीच्या पावत्या असतील तर त्या विकू नयेत. त्यांवरील साल फसली असेल आणि महिने आजूर, दय, बहमन असे फारसी असतील, तर त्या सालात ५९० मिळवावेत, म्हणजे ते फसली वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळेल. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. खरेदीखतातील चतुःसीमा विशेष जपून उतरून घ्याव्या, कारण पूर्वेस अमक्या तांबटाचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, अशा चार ओळींतूनच पेठेचा नकाशा पुन्हा मांडता येतो. मूळ कागद घरीच ठेवावा, वाचता येणाऱ्याकडून नक्कल करवून घ्यावी, आणि घर पाडावयाचे ठरलेच असेल तर पाडण्यापूर्वी ओटा, फळ्या व तुळया यांची छायाचित्रे काढून ती त्या नकलेबरोबर ठेवावीत. पुढील लेखांकात अंतूरच्या वाटेवरील दगडाविषयी.