लॅपटॉपचा नवा चार्जर घेताना

जुना चार्जर बिघडला की पिन बसते का एवढेच पाहून दुसरा घेऊ नका. आधी जुन्या चार्जरवरचे किंवा लॅपटॉपच्या तळाशी छापलेले आकडे वाचा. ‘आउटपुट’पुढे, समजा, १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर लिहिले असेल, तर दोहोंचा गुणाकार म्हणजे सुमारे ६५ वॉट.

व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे. जास्त व्होल्टने आतले सर्किट जळू शकते. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात, कारण लॅपटॉप गरजेपुरताच प्रवाह ओढतो. कमी अँपिअरचा चार्जर तापतो आणि बॅटरीही नीट भरत नाही. गोल पिन असेल तर अधिक-उणे टोकांची खूणही जुळवा.

टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला ‘पॉवर डिलिव्हरी’चा, पुरेशा वॉटचा चार्जर लागतो. त्यात योग्य व्होल्ट दोन्ही उपकरणे आपसांत ठरवतात. केबलही तेवढ्या वॉटची हवी.

भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक तपासा आणि मगच पैसे द्या.